घाटावरच्या पाण्याचा हिशेब मांडणारे इंग्लिससाहेब

मावळात पावसाची वानवा नाही. लोणावळ्याला सालाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पंचवीस-तीस किलोमीटर पूर्वेला वडगाव, तळेगावकडे आले की हाच आकडा हजार-बाराशेच्या घरात येतो. एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत डोंगराकडेच्या वाड्या-वस्त्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट चुकत नाही. मग पडलेले पाणी जाते कुठे? ओढ्याने किती जाते, जमिनीत किती मुरते, आणि जाता जाता शेतातली किती माती संगती नेते? पावसाचा आकडा गावात कोणीही सांगेल. ओढ्याचा आकडा मात्र कोणाजवळ नसतो.

या प्रश्नाचा हिशेब शंभर वर्षांपूर्वी आपल्याच पुणे जिल्ह्यात काम करणाऱ्या एका आयरिश इंजिनिअरने मांडायला घेतला. त्यांचे नाव सर क्लॉड कॅव्हेंडिश इंग्लिस. पाटबंधारे खात्यात आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत हे नाव आजही रोज घेतले जाते. जगभरच्या नदीशास्त्रात त्यांना मान आहे. ज्या डोंगरांचे आणि शिवारांचे पाणी त्यांनी मोजले, तिथल्या शेतकऱ्यांना मात्र त्यांची ओळख फारशी नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

डब्लिनहून दख्खनला

इंग्लिस यांचा जन्म ३ मार्च १८८३ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. इंजिनिअरिंगचे शिक्षण तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजात झाले. १९०६ साली ते हिंदुस्थानच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाले आणि मुंबई इलाख्यात आले. त्या काळचा मुंबई इलाखा म्हणजे खाली धारवाडपासून वर सिंधपर्यंत पसरलेला मुलूख. रस्ते, इमारती आणि कालवे ही सारी कामे एकाच खात्याकडे असत. तरुण इंग्लिस यांतल्या पाण्याच्या कामाकडे वळले आणि पुढची पन्नास वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही.

तो काळ दुष्काळांच्या आठवणींचा होता. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आणि त्यानंतर १८९६ व १८९९ सालांपासून आलेले दोन दुष्काळ यांनी दख्खन पार मोडून गेला होता. उपाय म्हणून सरकारने धरणे आणि कालवे काढले. निरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पुढे गोदावरी आणि प्रवरा नद्यांवरचे कालवे आले. सरकारचा हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता. कालव्याचा खर्च पाणीपट्टीतून निघावा ही त्यांची काळजी होतीच, आणि त्यासाठी उसाला उत्तेजन दिले जात होते.

पण पाणी आले तसे नवे दुखणेही आले. निऱ्याच्या खोऱ्यात भारी काळ्या जमिनी उपळू लागल्या, खारवट होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० सालीच या खाऱ्या जमिनींवर अहवाल लिहिला होता. कालव्याने जमीन तारायची की मारायची, हा प्रश्न सरकारपुढे उभा राहिला.

१९१६ ची छोटी शाखा

याच प्रश्नासाठी मुंबई सरकारने १९१६ साली एक खास पाटबंधारे शाखा उघडली. तिचे काम हडपसर भागात सुरू झाले. या शाखेचा कारभार इंग्लिस यांच्याकडे आला आणि त्यांनी तो वाढवला. जमिनीखालच्या पाण्याची पातळी तपासायची, मातीचे थर बघायचे, चर काढल्याने फरक काय पडतो ते नोंदायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. गोखले नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी निरा कालव्याखालच्या बारामती भागातील निचऱ्याचा अभ्यास केला.

पुढे ही शाखा खडकवासल्याला गेली. धरणाच्या पायथ्याला पाणी आपसूक उताराने मिळते, त्यामुळे नद्यांचे छोटे नमुने मांडून त्यांत पाणी सोडून बघायला ती जागा सोयीची होती. १९३७ च्या सुमारास केंद्र सरकारने ही संस्था आपल्याकडे घेतली आणि इंग्लिस तिचे संचालक झाले. आज तिला आपण केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून ओळखतो. खडकवासल्यावरून जाता-येता त्या संस्थेची पाटी पुष्कळांनी पाहिली असेल. तिचा पाया उपळलेल्या जमिनींच्या तक्रारीतून घातला गेला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते.

आधी माप, मग हिशेब

इंग्लिस यांच्या कामाचा एक नेम दिसतो. कोणत्याही प्रश्नावर उपाय सांगण्याआधी ते मोजायची सोय करत. कालव्यात पाणी किती चालले आहे हेच नक्की कळत नसेल, तर कोणाला किती मिळाले याचा वाद कधीच मिटत नाही. शिवाय आपल्या पाण्याला गाळ फार. साधा आडवा बांध घालून मोजायला जावे, तर त्याच्या मागे गाळ साचतो आणि माप चुकते.

त्यासाठी त्यांनी स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम या मापन-बांधकामाचा अभ्यास करून १९२८ साली त्याचे तंत्र मांडले. यात कालव्याचा गळा एका ठिकाणी अरुंद केलेला असतो आणि तळ थोडा उचललेला असतो. पाणी त्या गळ्यातून वेगाने निसटते आणि पुढे जाऊन उसळते. ही उसळी जोवर कायम आहे, तोवर खालच्या अंगाला पाणी थोडेफार चढले-उतरले तरी मापावर परिणाम होत नाही. वरच्या बाजूच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचली, तक्ता पाहिला, की झाले. गळ्यातला वेग जास्त असल्याने गाळही तिथे ठरत नाही.

आपल्या कालव्यांवर, चाऱ्यांच्या मुखाशी पाटकरी ज्या पट्ट्या वाचतो, त्यांतल्या कित्येक अशाच फ्ल्यूमच्या आहेत. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी घनमापाने मोजून देण्याचे ठरले. त्या मोजमापाच्या मुळाशीही हेच जुने काम आहे.

त्रेपन्न ठिकाणचा ओढा

कालव्याच्या पाण्याचे झाले. पण कालव्यात पाणी येते धरणातून, आणि धरणात येते डोंगरावरून. पडलेल्या पावसापैकी वाहून येणारे पाणी किती, यालाच अपधाव म्हणतात. धरण केवढे बांधायचे हे या आकड्यावर ठरते. आकडा जास्त धरला तर धरण भरत नाही, कमी धरला तर पुराच्या वेळी सांडवा अपुरा पडतो.

इंग्लिस यांच्या आधी स्ट्रेंज नावाच्या इंजिनिअरने मुंबई इलाख्यातल्या अनुभवावरून तक्ते केले होते. त्यांत पाणलोटाचे चांगले, मध्यम आणि वाईट असे तीन वर्ग होते. आजही लहान तलावाचा अंदाज बांधताना या तक्त्यांचा आधार घेतात. यात शेतकऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंजिनिअरच्या तक्त्यातला चांगला पाणलोट म्हणजे ज्यावरून जास्त पाणी वाहून येते तो, म्हणजे उघडा, कातळाचा, उताराचा डोंगर. वाईट म्हणजे जिथे पाणी मुरते तो. शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर हे वर्ग उलटे होतात. तलावाचे हित आणि शेताचे हित दर वेळी एकच असते असे नाही, हे या एका शब्दावरून कळते.

इंग्लिस यांनी डिसोझा या सहकाऱ्याबरोबर पुढचे पाऊल टाकले. पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणांवरची प्रवाहाची मोजमापे त्यांनी गोळा केली, प्रत्येक ठिकाणचा पाऊस आणि वाहून गेलेले पाणी समोरासमोर मांडले आणि १९२९ साली दोन सूत्रे दिली. एक सूत्र घाटमाथ्यासाठी, दुसरे पठारासाठी. भर पावसात ओढ्याकाठी उभे राहून रोज पट्टी वाचणारी माणसे इथलीच असणार. त्यांची नावे सूत्राला लागली नाहीत, पण त्यांच्या वाचनांवरच ते उभे आहे.

सूत्रे अवघड नाहीत. घाटमाथ्यासाठी सालाचा पाऊस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, त्याला ०.८५ ने गुणायचे आणि ३०.५ वजा करायचे. उरले ते वाहून जाणारे पाणी, तेही सेंटिमीटरमध्येच. पठारासाठी पावसातून १७.८ वजा करायचे, उरलेल्या आकड्याला पुन्हा पावसाच्या आकड्याने गुणायचे आणि २५४ ने भागायचे.

मावळची गंमत अशी की दोन्ही सूत्रे एकाच तालुक्यात लागू पडतात. पश्चिमेचा भाग घाटमाथा, पूर्वेचा भाग पठाराकडे उतरणारा. लोणावळ्याकडे सालाला ४०० सेंटिमीटर पाऊस धरला तर ३०९ सेंटिमीटरहून जास्त पाणी वाहून जाते, म्हणजे शंभरातले सत्त्याहत्तर. पूर्वेला १०० सेंटिमीटर पाऊस धरला तर वाहून जाते ३२ सेंटिमीटर, म्हणजे शंभरातले बत्तीस.

आता कमी पावसाचे साल बघू. पूर्वेच्या पट्ट्यात १०० ऐवजी ५० सेंटिमीटरच पाऊस झाला, तर ओढ्याला पाणी किती येईल? निम्मे, असे कोणीही म्हणेल. सूत्र सांगते ६.३ सेंटिमीटर, म्हणजे पूर्वीच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडे कमी. पाऊस निम्मा, पण ओढा एकपंचमांश. जमीन आपली तहान आधी भागवते आणि उरलेले ओढ्याला देते. तलाव दर साली भरेल असे धरून ऊस लावणाऱ्याने हा हिशेब एकदा पाटीवर करून बघावा.

सेंटिमीटरचे घनमीटर करायलाही सोपे आहे. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० घनमीटर, अर्थात एक लाख लिटर. शंभर हेक्टरचा नाला असेल आणि ३२ सेंटिमीटर पाणी वाहत असेल, तर सालाचे ३ लाख २० हजार घनमीटर होतात, म्हणजे अकरा दशलक्ष घनफुटांच्या आसपास. या नाल्यावर आपण बांध किती घातले आणि त्यांत साठते किती, हे याच्यापुढे मांडले की नव्या बांधाला पाणी उरते का ते कळते. एकाच नाल्यावर बांधामागे बांध घालून खालचा कोरडा राहिल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

पुराचा आकडा

सालाच्या पाण्याबरोबर एका दिवसाचा पूरही बघावा लागतो. घाटातल्या पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांसाठी जास्तीत जास्त पूर किती येईल, याचेही इंग्लिस यांचे सूत्र आहे. चौरस किलोमीटरमधल्या क्षेत्रफळाला १२४ ने गुणायचे, आणि क्षेत्रफळात १०.४ मिळवून जे येईल त्याच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर येते ते सेकंदाला इतके घनमीटर.

एक चौरस किलोमीटर, म्हणजे शंभर हेक्टरच्या पाणलोटाला हे सूत्र सेकंदाला ३६ घनमीटरच्या वर पूर सांगते, सुमारे १३०० क्युसेक. पाच चौरस किलोमीटरला येतात १५८ घनमीटर. क्षेत्र पाचपट, पण पूर पाचपट नाही. लहान पाणलोटाचा पूर क्षेत्राच्या मानाने जास्त जोराचा असतो, कारण सगळे पाणी एकदम खाली येते. म्हणूनच लहान नाल्यावरच्या बांधाला सांडवा लहान चालेल, हा समज घातक आहे. मावळात तर नाहीच चालायचा. प्रत्यक्ष बांधकामाचा आराखडा जाणकार इंजिनिअरकडूनच करून घ्यावा. पण तो गावापुढे येईल तेव्हा सांडव्याची रुंदी कोणत्या पुरासाठी धरली, एवढे विचारण्याचा हक्क ग्रामसभेला आहे.

पाण्याबरोबर चालणारी माती

इंग्लिस यांचे सर्वांत गाजलेले काम गाळाचे. सिंधू नदीवर सक्करचा बंधारा १९३२ साली पुरा झाला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. या बंधाऱ्याला ६६ दरवाजे होते आणि दोन्ही काठांनी मोठमोठे कालवे निघत होते. थोड्याच वर्षांत उजव्या काठाच्या कालव्यांत गाळ भरू लागला. डाव्या बाजूला तेवढा त्रास नव्हता. नदी तीच, पाणी तेच, मग फरक कशाने?

त्याचे उत्तर पुण्याच्या नमुन्यात शोधले गेले. नदी वळण घेते तेव्हा वरचे, कमी गाळाचे पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाकडे जाते आणि तळाचे, वाळू-गाळाने जड झालेले पाणी आतल्या काठाकडे सरकते. कालव्याचे तोंड आतल्या बाजूला आले की गाळ आत शिरलाच म्हणून समजा. नमुन्यातील प्रयोगांवरून उजव्या कालव्यांकडे पाणी वळण घेऊन येईल अशी वाट तयार करण्यात आली आणि १९४० च्या सुमारास बंधाऱ्याचे १० दरवाजे कायमचे बंद केले गेले. एवढ्या मोठ्या बंधाऱ्याचे दहा दरवाजे एका छोट्या नमुन्याच्या भरवशावर बंद करायला किती धीर लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. त्याची किंमतही पुढे मोजावी लागली, कारण दरवाजे कमी झाल्याने पूर सोडण्याची बंधाऱ्याची ताकद घटली. गाळ आणि पूर यांच्या ओढाताणीत फुकट काही मिळत नाही.

हे तत्त्व आपल्या ओढ्यालाही लागू आहे. पाटाचे तोंड किंवा जॅकवेल वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे वाळूचा ढीग पडतो तिथे केली, तर ती दर पावसाळ्यात बुजणार. बाहेरच्या अंगाला काठ तुटण्याची भीती असते, पण तिथे दगडी पिचिंग करता येते.

१९४५ साली इंग्लिस यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच सुमारास ते मायदेशी परतले. इंग्लंडमध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या जलसंशोधन संस्थेचे ते १९४७ पासून १९५८ पर्यंत संचालक होते. ही संस्था पुढे वॉलिंगफर्ड येथे स्थिरावली. म्हणजे हडपसर-खडकवासल्याला जे शिकले, त्याच्या जोरावर त्यांनी तिकडे संस्था उभी केली. नद्या आणि कालव्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९४९ साली पुण्याच्या संस्थेनेच प्रसिद्ध केला. १९५३ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

तिकडचे त्यांचे एक काम आपल्या उपयोगाचे आहे. लंडनच्या थेम्स नदीच्या मुखातून जहाजांसाठी गाळ उपसत आणि तो खाली नेऊन पुन्हा पाण्यातच टाकत. इंग्लिस आणि ॲलन यांनी १९५७ साली दाखवून दिले की तळाशी चालणाऱ्या प्रवाहाबरोबर तो गाळ परत वर येतो. मग उपसलेला गाळ जमिनीवर टाकण्याकडे वळावे लागले. आपल्याकडे २०१७ साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तलावातून काढलेला गाळ काठावरच ढीग लावून ठेवला, तर पहिल्या वळवाने तो परत तलावात जातो. मजुरी गेली, डिझेल गेले, तलाव तसाच. गाळ शेतात नेऊन पसरेपर्यंत काम झाले असे मानू नये.

सर क्लॉड इंग्लिस १९७४ साली, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी वारले.

सूत्र जुने, डोंगर बदललेला

इंग्लिस यांच्या सूत्रांना मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. ती सालाच्या एकूण पाण्याची आहेत. एका पावसात किती पाणी आले हे त्यांवरून कळत नाही. डोंगरावर झाडी आहे की प्लॉटिंग, शेतात ताली आहेत की नाहीत, याचा त्यांत हिशेब नाही. पुढच्या काळात जमिनीचा प्रकार आणि वापर धरून पाणी काढण्याच्या रीती आल्या, माती किती धुपते याची सूत्रे आली, आता तर हे काम संगणक करतो. पण संगणकालासुद्धा खरा आकडा कोणीतरी ओढ्यावर जाऊन आणून द्यावा लागतो. तो नसेल तर उत्तर छान छापलेले येते, बरोबर आहे की नाही ते कळत नाही.

मावळचा डोंगर १९२९ साली होता तसा राहिलेला नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्याच्या आधीपासून आणि नंतरही उतार कापले गेले, बंगले उठले, कित्येक भातखाचरे पडीक पडली. भातखाचर हे नुसते शेत नसते. प्रत्येक खाचराचा बांध पाणी अडवतो आणि वरून आलेली माती पोटात ठेवतो. बांध फुटका राहिला की ती माती ओढ्याला लागते आणि शेवटी इंद्रायणी किंवा पवनेच्या पाण्यात उतरते. १९८७ साली प्रसारित झालेली आपली इंद्रायणी भाताची जात वडगावच्याच संशोधन केंद्राची. बियाणे कितीही चांगले असो, खाचरात माती राहिली तरच त्याचा उपयोग.

माती जाते किती? १९८३ साली देशभराचा अंदाज काढला गेला, तो हेक्टरी सालाला सरासरी सोळा टनांच्या वर आला. जाडीत सांगायचे तर एक मिलिमीटरहून थोडा जास्त थर. डोळ्याला दिसतही नाही. ही देशाची सरासरी आहे. आपल्या ओढ्याचा आकडा काय, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

गावाने काय करावे

याला मोठी यंत्रे लागत नाहीत. ओढ्यावर पक्की मोरी असेल तिथे भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रंगवावी. पाऊस असेल त्या दिवशी ठरलेल्या वेळी आणि पूर चढला तर दर तासाला पाण्याची उंची लिहावी. वेग काढण्यासाठी वीस मीटरचे अंतर आखून लाकडाचा तुकडा सोडावा आणि तो किती सेकंदांत पोचतो ते पाहावे. मात्र कोणीही पुरात उतरू नये, हे काम काठावरूनच करायचे.

समजा ओढ्याची रुंदी तीन मीटर, पाणी अर्धा मीटर, आणि लाकडाने वीस मीटर वीस सेकंदांत कापले. वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर झाला. तळाचे पाणी हळू चालते म्हणून त्याचे ०.८ धरायचे. तीन गुणिले अर्धा गुणिले ०.८, म्हणजे सेकंदाला १.२ घनमीटर किंवा बाराशे लिटर. तासाला त्रेचाळीस लाख लिटर.

त्याच वेळी दोरीला बांधून लिटरभर पाणी बाटलीत घ्यावे. दोन-तीन दिवस स्थिर ठेवून वरचे नितळ पाणी अलगद ओतून द्यावे, तळाचा गाळ वाळवून सोनाराच्या किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर तोलावा. लिटरला दोन ग्रॅम भरला असे धरू. मग वरच्या ओढ्याने तासाला साडेआठ टनांच्या वर माती नेली. तीन टनांची ट्रॉली धरली तर तासाला जवळपास तीन ट्रॉल्या. पाण्याचा रंग गढूळ आहे असे म्हणणे वेगळे आणि तीन ट्रॉल्या गेल्या असे लिहिणे वेगळे. ग्रामसभेत दुसऱ्या वाक्याला वजन येते.

पावसाळा सरल्यावर बारीक वाहणाऱ्या पाण्यासाठी पत्र्यात काटकोनी व्ही आकाराची खाच कापून ती ओढ्यात आडवी बसवावी. थोडे वरच्या अंगाला मोजून, खाचेच्या टोकापासून पाणी दहा सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर जातात, वीस सेंटिमीटर असेल तर जवळपास पंचवीस लिटर. उंची दुप्पट म्हणजे पाणी दुप्पट असे नाही, साडेपाचपटीहून जास्त होते. खाचेच्या मागे साचलेला गाळ वरचेवर काढावा. ओढा कोणत्या तारखेला आटला, तेही लिहावे. बांधबंदिस्तीची कामे झाल्यावर ती तारीख पुढे सरकली, तर काम लागू पडले असे म्हणायला आधार मिळतो.

हे काम कोणी करावे? माध्यमिक शाळेची मुले आणि एक शिक्षक असले तरी निभते. पावसाचा आकडा जवळच्या पर्जन्यमापकावरून घ्यावा, नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि दर वर्षी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ती वाचून दाखवावी. पाणलोटाच्या कामाचे अंदाजपत्रक करणाऱ्या इंजिनिअरला ती आधी द्यावी. एका सालावरून निष्कर्ष काढू नये. तीन-चार सालांची वही झाली, एक जास्त पावसाचे आणि एक तुटीचे साल त्यात आले, म्हणजे इंग्लिस यांच्या सूत्राशी आपला ओढा कितपत जुळतो ते ताडून पाहता येईल.

घाटमाथा आणि पठार असे दोन्ही पट्टे मावळात आहेत. लोणावळ्याकडच्या एका गावाने आणि वडगावच्या पूर्वेच्या एका गावाने येत्या जूनपासून अशी एकेक वही धरली, तरी शंभर वर्षांनंतर तालुक्याचे स्वतःचे आकडे हाती येऊ लागतील. पट्टी रंगवायला मात्र उन्हाळ्यातच, ओढा कोरडा असताना उतरले पाहिजे.